नऊ वाड्या, नऊ तारखा आणि गावाची साइट

रविवार, १४ जानेवारी २००१, संक्रांत. वेळ दुपारी चारची, जमलो साडेचारला. जागा देवळामागची खोली, जिथे उत्सवाची भांडी ठेवतात.

हजर: गुरुजी, म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, ग्रामदेवीच्या उत्सव समितीचे चिटणीस. देवीचे गुरव. गावातलाच, पण रत्नागिरीत स्टुडिओ असलेला फोटोवाला. माझे धाकटे दीर, मुंबई मंडळाचे कार्यवाह, सकाळच्या गाडीने आलेले. माझी भाची, रत्नागिरीत संगणकाच्या क्लासमध्ये शिकवणारी. आमच्या शेजारच्या काकी, ज्या तिळगूळ द्यायला आल्या आणि बाकावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. आणि मी, नोंदवही घेऊन.

गैरहजर: सगळे मानकरी. त्यांना मुद्दामच बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तर आधी कोणाला बोलावलं, यावर पहिली बैठक संपली असती. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगायचं ठरलं, अर्थात मानाच्या क्रमाने.

नोंदवही मी सगळ्याच गोष्टींची ठेवते. शाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क म्हणून इतकी वर्षं काढली, त्याची ही सवय. त्यामुळे पुढचं जे लिहिते आहे ते आठवणीतून कमी आणि वहीतून जास्त आहे. भावना वहीत नव्हत्या, त्या आता घालते आहे.

विषय एकच होता: शिमग्यात पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत, हे बाहेरगावच्या लोकांना वेळेवर कसं कळावं. आमच्या गावाला नऊ वाड्या. होळीनंतर देवीची पालखी नऊ दिवस फिरते, रोज एक वाडी, त्या वाडीतलं प्रत्येक घर. त्या दिवशी आपण घरी असावं, देवीची ओटी भरावी, पालखीला खांदा द्यावा, एवढ्यासाठी माणसं मुंबईहून येतात. रजा आणि गाडीचं आरक्षण आधी करावं लागतं, म्हणून सगळ्यांना तारीख हवी असते. गावात फोन मोजके, त्यातला एक आमच्याकडे. जानेवारी उजाडला की तो वाजायला लागायचा. "वहिनी, आमच्याकडे पालखी कधी?" मी फोनजवळच्या भिंतीला तारखांचा कागद चिकटवला होता. माझ्या नवऱ्याला तो पाठ झाला होता, झोपेतही सांगितला असता.

दिरांनी तोडगा आणला होता. गावाची साइट काढायची. त्यांच्या ऑफिसात संगणक विभाग होता, तिथे चौकशी करून ते एक कागद घेऊन आले होते.

"साइट हे एकट्याचं काम नाही," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "एक वेबमास्टर लागतो. एक मजकूर लिहिणारा, एक मांडणी करणारा, एक फोटोंचं बघणारा, एक तपासणारा, एक आलेल्या पत्रांना उत्तरं देणारा."

"आणि हे सगळे मिळून करतात काय?" गुरवांनी विचारलं.

"तारखा सांगतात."

"तारखा मी एकटा सांगतो की!"

भाची हसली नाही. तिला रोज नवशिक्यांना शिकवायची सवय होती. "गुरवकाका, पालखी एकट्यानं नाचवता येते का? खांदेकरी चार, ढोलवाले वेगळे, अबदागिरी धरणारा वेगळा, पुढे वाट मोकळी करणारा वेगळा. साइटचं तसंच."

हे सगळ्यांना एकदम पटलं. पटलं म्हणजे इतकं, की पुढचा अर्धा तास कोण कशाच्या जागी हेच चाललं. मजकूर लिहिणारा म्हणजे देवीपुढे गाऱ्हाणं घालणारा, ते गुरुजी. मांडणी करणारी म्हणजे पालखी सजवणारी, ती भाची. साइटचं नाव आणि जागा सांभाळायचं काम मुंबईला, म्हणजे दीर.

"मग तो वेबमास्टर मी," गुरव म्हणाले. त्यांना त्या शब्दातला मास्टर आवडला होता.

"वेबमास्टर मीच काका," भाची म्हणाली. " सगळं साइटवर चढवायचं काम त्याचं. तुम्ही माहितीचा उगम."

"उगम!" गुरव माझ्याकडे वळले. "हे लिहून घ्या बायो. उगम."

मी लिहून घेतलं.  फोटोवाल्याला एक शंका होती, आणि ती त्याने अगदी गंभीरपणे विचारली. "हा फोटोचा मान माझ्यामागून माझ्या मुलाकडे जाणार, की भावकीत फिरणार?"

यावर जी चर्चा झाली ती मी इथे देत नाही. शेवटी ठराव झाला, तो वहीत असा आहे: साइटची कामे ही कामे आहेत, मान नव्हेत. सर्वानुमते मंजूर.

"आणि वहिनी, तुम्ही प्रोजेक्ट मॅनेजर," दीर म्हणाले.

"त्यात काय करायचं?"

"सगळ्यांच्या मागे लागायचं."

"ते मी लग्न झाल्यापासून करतेय, भावोजी."

काकी मध्येच म्हणाल्या, "ही साइट जहाजावर दिसेल काय रे?"

काकींचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर फिटर होता. दिरांनी सांगितलं, की भर समुद्रात नाही, पण जहाज बंदराला लागलं आणि तो एखाद्या सायबर कॅफेत गेला, की दिसेल.

"मग लवकर काढा बाबांनो."

त्यांना घाई का, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आदल्या शिमग्याच्या थोडं आधी काकींचे यजमान गेले. ज्या घरात माणूस गेलं, तिथे त्या वर्षी पालखी उंबऱ्याच्या आत येत नाही, पुढून निघून जाते. वर्ष सरल्यावर ती पुन्हा घरात येते तेव्हा पहिला खांदा त्या घरातल्या मुलाने द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. मुलगा नसला तर भावकीतलं कोणीही देतं, अडत नाही. पण काकींना तसं नको होतं. पालखी घरात येईल तेव्हा दांड्याखाली आपल्या मुलाचाच खांदा असावा, एवढं एकच त्यांनी त्या वर्षी धरलं होतं.

कामं वाटली गेली आणि मी मागे लागायला लागले.

गुरुजींनी गावाचा इतिहास लिहिला, तो शेकडो वर्षांपासून सुरू झाला आणि गुरुजींच्या बालपणापर्यंत येईतो वीस पानं झाली. भाचीने त्याचं एक पान केलं. गुरुजी दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरगी शिकलेली आहे, पण दया नाही." फोटोवाल्याने देवळाचे फोटो स्कॅन करून फ्लॉपीत घातले, एका फ्लॉपीत एकच मोठा फोटो मावायचा, म्हणून तो खिशात फ्लॉपींची चळत घेऊन फिरायचा आणि एसटीत कोणी धक्का दिला की छाती धरायचा. भाची क्लास सुटल्यावर तिथल्याच संगणकावर बसायची. फोनच्या तारेवरून इंटरनेट, तो मोडेम किरकिर करत जोडायचा, आणि अर्धा फोटो चढला की क्लासच्या मालकांच्या घरून कोणीतरी फोन उचलायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मराठी अक्षरांची एक वेगळीच अडचण होती. मराठी टाइप केलं आणि दुसऱ्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसला तर नुसत्या चौकटी दिसायच्या. म्हणून भाचीने ठरवलं, की महत्त्वाचा मजकूर, म्हणजे तारखांचा तक्ता, चित्र करून लावायचा. एकदा चित्र झालं की कुठेही सारखंच दिसणार. चूक असली तर तीही कुठेही सारखीच दिसणार, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तारखा गुरवांनी मला फोनवर सांगितल्या. अकरा मार्चपासून एकोणीसपर्यंत, कुठल्या दिवशी कुठली वाडी. मी वहीत लिहिल्या आणि गुरुजींना दिल्या. गुरुजींनी सुंदर वळणदार अक्षरात त्यांची स्वच्छ प्रत काढली. ती भाचीकडे गेली. भाचीने तक्ता करून छापील नमुना आणला, तो फेब्रुवारीतल्या एका शनिवारी देवळात सगळ्यांसमोर ठेवला.

तपासणी मी नीट आखली होती. ज्याची त्याची बाजू ज्याने त्याने बघायची आणि मला सांगायचं, मी खूण करणार. गुरवांनी तारखांच्या रकान्यावरून बोट वरून खाली नेलं. "अकरा ते एकोणीस. बरोबर." दोन ज्येष्ठ मानकरी खास बघायला आले होते, त्यांनी वाड्यांच्या रकान्यावरून बोट खाली नेलं. "मधली वाडी पहिली, खालची वाडी शेवटची. बरोबर." भाचीने गुरुजींची प्रत आणि आपला तक्ता शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवलं. गुरुजींनी ऱ्हस्व-दीर्घ बघितले. फोटोवाल्याने फोटो सुलटा आहे म्हणून सांगितलं. दिरांनी सोमवारी मुंबईहून फोन केला, "वहिनी, उघडली! देवळाचा कळस दिसतोय!" वहीत सहा कामं, सहा खुणा. मला फार समाधान वाटलं. खोटं कशाला सांगू, मी स्वतःसाठी चहा केला आणि तो बसून प्यायले.

पाचव्या दिवशी भाची दुपारच्या एसटीने धावत आली. हातात एक छापलेला कागद. साइटवर तिने एक पान ठेवलं होतं, जिथे बघणाऱ्याने चार ओळी लिहायच्या. त्यावर पहिला निरोप आला होता, आणि तो आमच्याच वाडीतल्या माणसाचा होता. आम्ही दोघी तशाच काकींकडे गेलो. काकी अंगण सारवत होत्या. अर्धं झालं होतं.

भाचीने मोठ्याने वाचलं. इंग्रजी अक्षरात लिहिलेली मराठी, त्यामुळे अडखळत. "मी खालच्या वाडीतला. जहाज बंदराला लागलंय. आपली पालखी एकोणीसला आहे हे साइटवर बघितलं आणि लगेच कंपनीकडे रजा मागितली. मंजूर झाली. सोळाला उतरतो, अठराला घरी. आईला सांगा, खांदा मीच देणार."

काकींनी शेणाचे हात तसेच वर धरले आणि हसल्या. "लिहिलान हो माझ्या बाळानं! पुन्हा वाच गो."

भाचीने पुन्हा वाचलं.

दुसऱ्यांदा वाचताना काकींचं हसू मध्येच थांबलं. "एकोणीसला? शेवटच्या दिवशी पालखी मधल्या वाडीत असते गो. आपली बाराला."

मी वही उघडली. खालची वाडी, बारा मार्च. माझ्याच हातचं. भाचीच्या पिशवीतून छापील तक्ता काढला. खालची वाडी, एकोणीस मार्च. शेवटची वाडी, शेवटची तारीख. ही माझीही वाडी. ज्या तक्त्यावर मी सहा खुणा केल्या, त्यात माझ्या स्वतःच्या घरची तारीख चुकलेली होती आणि मला दिसली नव्हती.

मी तशीच गुरुजींकडे गेले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीओळीने बघितले. मग चष्मा काढला.

आमच्या गावात वाड्यांची यादी एकाच क्रमाने लिहिली जाते, मानाच्या. मधली वाडी पहिली, कारण देऊळ तिथे. खाडीकाठची आमची खालची वाडी सर्वांत शेवटी वसली, म्हणून ती शेवटी. गाऱ्हाण्यात हाच क्रम, लग्नाच्या बोलावण्यात हाच. पालखी मात्र वेगळ्या क्रमाने फिरते. मधली वाडी यजमान, म्हणून ती शेवटच्या दिवशी. आणि आमच्या वाडीत यायला खाडीचा फाटा ओलांडावा लागतो. पौर्णिमेनंतर उधाण असतं तेव्हा ओहोटीला पाणी पार मागे हटतं आणि सकाळी चालत येता येतं, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी. मी गुरवांनी सांगितल्याप्रमाणे पालखीच्या क्रमाने लिहिलं होतं. गुरुजींनी स्वच्छ प्रत काढताना वाड्या मानाच्या क्रमाने लावून घेतल्या आणि तारखा होत्या तशाच उतरवल्या.

"जाहीर कागदावर खालची वाडी दुसरी कशी लिहू? मला गावात राहायचंय," गुरुजी म्हणाले. "आणि तारखा तर तारखांच्याच क्रमाने लिहिणार ना? पहिल्याच ओळीला एकोणीस लिहीन का? दोन्ही क्रम बरोबर आहेत हो."

"दोन्ही बरोबर आहेत गुरुजी. पण एकमेकांचे नाहीत."

इतक्या जणांनी तक्ता तपासला होता, आणि प्रत्येकाने आपापली बाजू तेवढी वरून खाली बघितली होती. एका वाडीवर बोट ठेवून समोरची तारीख कोणी बघितली नव्हती. ते काम मी कोणाला दिलंच नव्हतं.

भाचीने त्याच संध्याकाळी तक्ता बदलला. मालकांच्या घरी जाऊन तासभर फोन उचलू नका म्हणून सांगून आली. दिरांनी मुंबईत फोनाफोनी केली. तिथल्यांनी नशिबाने अजून घरच्या फोनवरच विश्वास ठेवला होता. "साइट बघितलीत का?" विचारलं की, "बघू, पण तारीख वहिनींनाच विचारतो," असं उत्तर. एरवी मला राग आला असता.

राहिला एकच माणूस. कित्येक शिमगे समुद्रावर काढलेला, साइटवर विश्वास ठेवणारा तेवढाच एक, आणि तोच फसला होता. त्याचं जहाज बंदरातून निघून गेलं होतं. दीर कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात जाऊन आले. बदली माणूस सोळाला कोलंबोत चढणार, त्याआधी याला उतरता येणार नाही. दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर.

हे काकींना सांगायला मी गेले. माझं काम होतं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "चुलत दीर देतील खांदा. रीत आहे." आणि मला चहा दिला. अंगण मात्र तसंच होतं, अर्धं सारवलेलं. दोन दिवसांनी गेले तरी तसंच.

मी वहीत नवीन पान उघडलं आणि गुरुजींना म्हटलं, आता मानकऱ्यांची बैठक बोलवा. जो क्रम लावायचा तो लावून बोलवा, पण बोलवा.

ती बैठक देवळाच्या सभामंडपात झाली. हजर: सगळे. गुरुजी आधी उभे राहिले आणि चूक माझी म्हणाले. मी उभी राहून तपासणी माझी म्हटलं. भाची उठायला लागली, तेव्हा ज्येष्ठ मानकरी म्हणाले, "बसा, बसा. सगळ्यांनीच चूक घेतली तर आम्ही रागवायचं कोणावर?"

मी सरळ विचारलं: खालच्या वाडीची पालखी यंदा एकोणीसला नेता येईल का?

"म्हणजे संगणकानं चुकून लिहिलं म्हणून देवीनं वाट बदलायची?" ज्येष्ठ मानकरी म्हणाले.

आमच्या वाडीतले एक मच्छीमार, काकींचे चुलत दीर, मागून बोलले. "यादीत शेवटी लिहिता, त्याबद्दल आम्ही कधी तोंड उघडलं नाय. आता तारीखपण शेवटची लिहिलीत, तर पालखीपण आणा की शेवटी!"

यावर हशा झाला, आणि हशा झाला म्हणजे काम होणार, हे मला इतक्या वर्षांच्या सभांवरून कळतं. पण अडचण त्यांनीच सांगितली. एकोणीसला भांग. म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही मंद. फाट्यातलं पाणी पुरतं हटणारच नाही. पालखी चालत येऊ शकत नाही.

"मग होडीनं आणा," काकी म्हणाल्या. त्या बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसल्या होत्या. 

पालखी होडीत कधी बसली नव्हती. बसू नये असंही कुठे नव्हतं. ज्या गोष्टीला होय की नाही हे माणसाला सांगता येत नाही, तिथे आमच्याकडे देवीचा कौल घेतात. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात आणि प्रश्न घालतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

पहिला प्रश्न ज्येष्ठ मानकऱ्यांनी सांगितला: खालच्या वाडीचा दिवस बदलावा का? पाकळी डावीकडची पडली. काकींनी मान खाली घातली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

गुरुजी पुढे झाले. आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढलेला माणूस. "गुरव, प्रश्न चुकला. वाडीचा दिवस आहे तोच राहू दे. एकच घर मागे ठेवायचं आणि एकोणीसला सकाळी मधल्या वाडीचा फेरा सुरू व्हायच्या आधी होडीनं तेवढ्या घरी जाऊन यायचं, असं विचारा."

गुरवांनी तसं विचारलं. पुष्कळ वेळ काहीच पडेना. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली, त्याच्यावर चारपाच जण ओरडले. मग उजवी पाकळी पडली.

दुसऱ्या दिवशी काकींचं अंगण पुरं झालं.

बाराला पालखी ओल्या वाळूवरून आली, आमची सगळी घरं झाली, काकींच्या घरापुढे मात्र ती थांबून, वाकून पुढे गेली. अठराला संध्याकाळी मुलगा उतरला. रत्नागिरी स्टेशनवरून रिक्षा, मग होडी, खांद्यावर जहाजावरची लांब बॅग. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो अजून साइटवरच्या जुन्या तारखेवर खूश होता. काकींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "हातपाय धू. आणि त्या साइटीवर पुन्हा काय लिहू नको."

एकोणीसला सकाळी मंद भरती होती, पण फाट्यात होडीपुरतं पाणी होतं. पालखी मोठ्या होडीत आडवी ठेवली. बरोबर गुरव, दोन ढोल आणि चार खांदेकरी, ज्यांना आयुष्यात पहिल्यांदा पालखी समोर असून बसून राहावं लागत होतं. त्यांच्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं. मागच्या लहान होडीत फोटोवाला उभा होता आणि काकींचे चुलत दीर त्याला शर्टाला धरून बसवत होते. ढोल पाण्यावर वाजले की कसे लागतात हे मला तोवर माहीत नव्हतं. जरा पोकळ लागतात, आणि लांबवर जातात.

काठावर मुलगा गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. पालखी उचलली, त्याने एका खांदेकऱ्याच्या जागी उजवीकडचा पुढचा दांडा खांद्यावर घेतला. तिथून काकींच्या अंगणापर्यंत फार तर दीडशे पावलं. तो नाचवायला लागला तेव्हा जहाजावरचा माणूस म्हणून बाकीचे हसत होते, मग त्यांना त्याच्याबरोबर पळावं लागलं. काकी दारात ओटीचं ताट घेऊन उभ्या होत्या. पालखी उंबऱ्याच्या आत आली, खाली बसली. काकींनी ओटी भरली. नंतर त्यांनी मुलाच्या खांद्यावरचा दांड्याचा लाल वळ बघितला, त्यावरून एकदा हात फिरवला आणि आत जाऊन सगळ्यांसाठी पाणी आणलं. मी दाराशी उभी होते, माझं तिथे काहीच काम नव्हतं. वही घरी ठेवली होती.

फोटोवाल्याने त्या दिवशी काढलेला एक फोटो फारच चांगला आला. होडी काठाला लागलेली, पालखी पाण्यातून वर येतेय, चौघेही खांदेकरी स्पष्ट दिसताहेत आणि पुढच्या उजव्या दांड्याला काकींचा मुलगा. भाचीने तो साइटच्या पहिल्याच पानावर लावला. पुढच्या काही वर्षांत साइटवर बाकी पुष्कळ बदललं. मांडणी दोनदा बदलली, मराठी अक्षरं सगळीकडे दिसायला लागली, भाची लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिथून काम करायला लागली, तक्ता आडवा वाचायचं काम मी काकींच्या सुनेकडे दिलं आणि ती ते चोख करते. फोटो मात्र हलला नाही.

त्याच्याखाली चौघांची नावं लिहायची आहेत. भाची म्हणते, डावीकडून उजवीकडे लिहा, जगात सगळीकडे तसंच लिहितात. गुरुजी म्हणतात, मानाच्या क्रमाने, म्हणजे काकींचा मुलगा चौथा. काकी म्हणतात, पहिला खांदा त्याचा, तर पहिलं नाव त्याचं. ज्येष्ठ मानकऱ्यांचा पुतण्या डावीकडच्या दांड्याला आहे, त्यामुळे ते या बाबतीत काही बोलत नाहीत, पण ते काही बोलत नाहीत हे सगळ्यांना ऐकू येतं. मी पहिल्या बैठकीतला, कामे ही कामे आहेत, मान नव्हेत, हा ठराव दोनदा वाचून दाखवला. दोन्ही वेळा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापलं म्हणणं पुन्हा मांडलं.

तोवर भाचीने फोटोखाली "मजकूर येत आहे" असं टाकून ठेवलं आहे. वहीत त्या कामापुढे अजून खूण नाही. काल काकींनी कुंपणावरून पुन्हा विचारलं, मी म्हटलं, या रविवारी बसू.